भाकरी खाऊ की इंजेक्शन घेऊ?

पत्र असं आहे: "ताई नमस्कार. मी सांगलीत विश्रामबागला राहते, वय ४३, पतसंस्थेत नोकरी. उंची पाच फूट दोन इंच, वजन ७६ किलो. बीपीची आणि थायरॉईडची गोळी चालू आहे, आणि मागच्या महिन्यात एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची तपासणी) ६.२ आलं. आईला शुगर होती, शेवटी लई हाल झाले तिचे, त्यामुळे रिपोर्ट बघून पोटात गोळाच आला. पुण्याची नणंद आठवड्याला एक इंजेक्शन घेतीय, १३ किलो उतरलीय. तिचा डोस वाढवलाय, त्यामुळं इंजेक्शनचं आधीचं अर्धं पेन शिल्लक आहे, ते दिवाळीला घेऊन येते म्हणतीय. मिस्टर म्हणतात हे सगळं फॅड आहे, आमची आज्जी भाकरी खाऊन नव्वद वर्षं जगली, तू पण भाकरी खा. मी खातेच की हो भाकरी! कीटो झालं, ओट्स झाले, जिऱ्याचं पाणी झालं, वजन उतरतं आणि परत येतं. खरं काय ते सांगा, अन्न की औषध?"

ताई, पत्रासोबत दिवसभराच्या खाण्याचा कागद जोडलात ते फार बरं केलंत, त्याच्याकडं येतेच. पण आधी पेनचं सांगते, बाकीचं नंतर निवांत वाचा.

ते पेन घेऊ नका. नणंदेचा हेतू चांगलाच आहे, पण एकानं वापरलेलं पेन दुसऱ्यानं वापरायचं नसतं, नवी सुई लावली तरीसुद्धा नाही, कारण टोचताना रक्ताचा अंश मागं पेनच्या आत जाऊ शकतो आणि त्यातनं बी प्रकारची कावीळ, एचआयव्ही असलं काहीही लागू शकतं. घरातलंच माणूस आहे, तिला काय झालंय, असं म्हणून चालत नाही. शिवाय हे औषध न उघडलेलं असेल तर फ्रिजमध्ये २ ते ८ डिग्रीत ठेवायचं असतंय, आणि एकदा उघडलं की ठराविक आठवड्यांत संपवायचं, नाहीतर टाकून द्यायचं. तुमच्या नणंदेनं ते कधी उघडलं, कुठं ठेवलं, दिवाळीच्या गर्दीत स्वारगेटवरनं सांगलीपर्यंत एसटीत बॅगेत तळपत येणार का, हे कोण बघणार? आणि सगळ्यात मोठं म्हणजे तिच्या डॉक्टरनं तिचे रिपोर्ट बघून तिला दिलंय, तुमचे कुणी बघितलेच नाहीत अजून. चिठ्ठीशिवाय घ्यायचं औषध नाहीये हे.

आता मिस्टरांचं. फॅड आहे म्हणतात ते, तर तसं नाही. त्यांना संशय यायला मात्र कारण आहे हे मी मान्य करते, कारण वजनाच्या गोळ्यांचा इतिहास काही धुतल्या तांदळासारखा नाही. अमेरिकेत फेन-फेन म्हणून गोळ्यांची जोडी होती, हृदयाच्या झडपा खराब व्हायला लागल्या म्हणून १९९७ मध्ये ती बंद करावी लागली. सिब्युट्रामिन आली, तीसुद्धा हार्ट अटॅक आणि स्ट्रोकच्या भीतीनं २०१० मध्ये अमेरिका-युरोपातल्या बाजारातनं गेली. त्यामुळं जुनी माणसं "असली औषधं नको" म्हणतात ते अगदीच वेडेपणानं म्हणत नाहीत.

पण आत्ताची इंजेक्शनं वेगळ्या जातीची आहेत. आपण जेवलो की आपलं आतडं जीएलपी-१ नावाचं एक हार्मोन सोडतं, ते मेंदूला सांगतं की झालं आता, पुरे, पोट जरा सावकाश रिकामं करतं आणि इन्सुलिनला मदत करतं. आपलं स्वतःचं हे हार्मोन दोनेक मिनिटांत निम्मं विरघळून जातं. सेमाग्लुटाईड नावाचं औषध त्याचीच नक्कल करतं, पण आठवडाभर टिकतं. टिर्झेपाटाईड जीएलपी-१ सोबत आणखी एका हार्मोनचं पण काम करतं. आपल्याकडं टिर्झेपाटाईड मौंजारो नावानं मार्च २०२५ मध्ये आलं आणि सेमाग्लुटाईड वजनासाठी वेगोव्ही नावानं जून २०२५ मध्ये. सेमाग्लुटाईड शुगरसाठी त्याच्या आधीपासून गोळीच्या रूपात होतंच, म्हणजे परवा उगवलेलं औषध नाही हे.

आणि उतरतं का वजन? उतरतं. २०२१ मध्ये सेमाग्लुटाईडचा मोठा अभ्यास छापून आला, जवळजवळ दोन हजार माणसं, ६८ आठवडे, सरासरी १४.९ टक्के वजन कमी झालं, आणि ज्यांना नुसतंच खोटं इंजेक्शन दिलं त्यांचं २.४ टक्के. खाण्याचा आणि व्यायामाचा सल्ला दोन्हीकडं सारखाच होता बरं का. टिर्झेपाटाईडच्या २०२२ च्या अभ्यासात सगळ्यात मोठ्या डोसला २०.९ टक्के. तुमच्या ७६ किलोचे १५ टक्के म्हणजे अकराच्या वर किलो. नुसत्या डाएटनं एवढं वजन सरासरी उतरवून टिकवून दाखवणारा अभ्यास मला तरी दाखवता येणार नाही, आणि हे मी आहारतज्ज्ञ म्हणून सांगतीय, माझं दुकान डाएटवर चालतं.

मग घेऊनच टाकू का, तर थांबा. त्याच सेमाग्लुटाईडच्या अभ्यासात इंजेक्शन थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनाचा दोन तृतीयांश भाग परत आला. हे नणंदेला कुणी सांगितलंय का बघा. म्हणजे लग्नाच्या आधी चार महिने घेऊ आणि सोडू, असला हा प्रकार नाही, बीपीच्या गोळीसारखं बरीच वर्षं, कदाचित कायम चालवायचं औषध आहे. खर्च बघा, मौंजारो आलं तेव्हा सुरुवातीच्या २.५ मिलिग्रॅमच्या एका व्हायलला, म्हणजे छोट्या बाटलीला, ३,५०० रुपये आणि ५ मिलिग्रॅमला ४,३७५, आठवड्याला एक, म्हणजे महिन्याचे चौदा ते साडेसतरा हजार. पतसंस्थेच्या पगारात हे कुठं बसवायचं? सेमाग्लुटाईडचं पेटंट आपल्याकडं मार्च २०२६ मध्ये संपलं, इथल्या कंपन्यांना ते बनवायची वाट मोकळी झाली, म्हणजे पैशाचा मुद्दा पहिल्याइतका जड राहत नाही. पण स्वस्त झालं म्हणून सगळ्यांना लागू झालं असं होत नाही ना.

त्रासाचं पण ऐकून ठेवा. मळमळ, उलटी, जुलाब नाहीतर उलट बद्धकोष्ठता, हे बऱ्याच जणांना होतं, खासकरून डोस वाढवला की. म्हणूनच डोस महिन्या-महिन्यानं हळूहळू चढवतात. वजन भराभर उतरलं की पित्ताशयात खडे व्हायची शक्यता वाढते, आणि क्वचित स्वादुपिंडाला सूज येते, पोटात असह्य दुखून पाठीत कळ जायला लागली तर तडक दवाखाना. तुम्ही थायरॉईडची गोळी घेता म्हणून नणंदेनं "थायरॉईडवाल्यांना चालत नाही" असं सांगितलंय, असं तुम्ही खाली बारीक अक्षरात लिहिलंय. तसं नाहीये ते. तुमचं थायरॉईड कमी काम करतंय, त्याचा इथं अडसर नाही. अडसर आहे तो मेड्युलरी नावाच्या थायरॉईडच्या एका कॅन्सरचा, तो स्वतःला किंवा रक्ताच्या नात्यात कुणाला झालेला असेल तर हे औषध देत नाहीत. घरात कुणाचं थायरॉईडचं ऑपरेशन झालं असेल तर कशासाठी झालं ते विचारून ठेवा, आपल्याकडं "गळ्याची गाठ काढली" एवढंच सांगतात आणि पुढचं कुणाला ठाऊकच नसतं.

आता तुमचा कागद.

"आम्ही घरी सगळं सकसच खातो" असं वर लिहिलंय आणि खाली लिहिलंय: साडेपाचला चहा आणि मारी बिस्किटं, नवाला उभ्या-उभ्या पोहे, दीडला डब्यात तीन चपात्या आणि बटाटा नाहीतर कोबी, चारला ऑफिसात चहा आणि भडंग, सातला घरी आल्यावर स्वयंपाक करता करता चहा-खारी, दहाला जेवण, एक भाकरी, भात, आमटी आणि "उरलेलं असेल ते".

ताई, यात भाकरी एक आहे. एक! मिस्टर म्हणतात ती आज्जी तीन वेळा भाकरी खायची, सोबत हुलग्याचं माडगं, मटकी, हरभऱ्याच्या पाल्याची भाजी, ताक, आणि दिवसभर शेतात वाकलेली असायची, दळण-पाणी सगळं अंगावर. तिच्या ताटातली फक्त भाकरी उचलून आपल्या बिस्किट-खारीच्या दिवसाला चिकटवली तर आज्जीची तब्येत मिळत नाही. आणि आज्जीची एचबीएवनसी कधी कुणी केली होती का हो? असो.

अन्न बदलून फरक पडतो का, तर पडतो, आणि त्याचा माझ्या मते सगळ्यात छान पुरावा २०१९ चा आहे. अमेरिकेतल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केविन हॉल यांनी वीस माणसांना महिनाभर तिथंच ठेवून घेतलं, दोन आठवडे कारखान्यात बनलेलं पाकिटातलं खाणं आणि दोन आठवडे साधं, घरी शिजवतो तसलं. समोर ठेवलेल्या दोन्ही ताटांत कॅलरी, साखर, फॅट, फायबर सारखंच मांडलं होतं आणि सांगितलं, हवं तेवढं खा. पाकिटाच्या दोन आठवड्यांत माणसं दिवसाला पाचशेच्या आसपास कॅलरी जास्त खाऊन गेली आणि वजन ०.९ किलोनं वाढलं, साध्या जेवणात तेवढंच कमी झालं. कुणी त्यांना तोंडावर ताबा ठेवा म्हणालं नव्हतं. म्हणजे बिस्किट, खारी, वेफर्स यांचा दोष नुसत्या कॅलरीत नाही, आपल्याला कळायच्या आत ते जास्त खाल्लं जातं.

पण घरचं आणि साधं म्हणजे कितीही खा असं नाही, आणि इथंच आपल्या सांगलीकरांची गोची होते. तासगावचा बेदाणा सकस आहे, खरंय, पण शंभर ग्रॅमला तीनशेच्या आसपास कॅलरी आहेत त्यात, आणि शंभर ग्रॅम बेदाणे टीव्ही बघता बघता कधी संपले कळत नाही. गुळात साखरेएवढ्याच कॅलरी, दोन-चार खनिजं जास्त असली तरी ६.२ वाल्या माणसानं "मी गुळाचाच चहा पिते" म्हणून निश्चिंत व्हायचं कारण नाही. शेंगदाण्याचे शंभर ग्रॅम म्हणजे साडेपाचशेच्या वर. आणि भडंग! मलाही आवडते, लसूण-कडीपत्ता घातलेली तर फारच, पण चुरमुरे हलके म्हणून ती हलकी असते हा गैरसमज आहे, हात तेलकट होतो तो उगीच नाही.

तेलाचं एक गणित करा. तुमच्या घरी चार माणसं, महिन्याला पाच लिटरचा डबा लागतो असं तुम्हीच लिहिलंय. तेल पाण्यापेक्षा जरा हलकं, म्हणजे साडेचार किलो धरा. भागिले तीस दिवस, भागिले चार माणसं, झालं साधारण अडतीस ग्रॅम, म्हणजे माणशी दिवसाला जवळजवळ साडेतीनशे कॅलरी नुसत्या फोडणीतनं आणि तळणातनं. वीस ते तीस ग्रॅममध्ये भागवा असं आपल्या आहाराच्या शिफारशी सांगतात. तीन लिटरवर आलात तर तेविसाच्या आसपास येताय. एकदम नको, पुढच्या महिन्यात चार लिटरच आणा आणि संपलं की संपलं.

प्रोटीनचं मात्र तुमच्याकडं खरंच दुर्भिक्ष आहे. मी बेरीज केली तर पस्तीसच्या आसपास ग्रॅम येतंय, आणि वजन उतरवताना स्नायू टिकवायचे तर तुम्हाला साठ-पासष्ट तरी हवं. दोन अंड्यांत बारा ग्रॅम, चाळीस ग्रॅम कोरड्या मटकीच्या उसळीत नऊ, घट्ट वरणाच्या वाटीत सहा, दह्याच्या वाटीत पाच, पन्नास ग्रॅम सोया वड्यांत पंचवीसच्या वर. शाळूच्या भाकरीत पाच-सहा ग्रॅम मिळतात, चपातीपेक्षा फार वेगळं नाही ते, भाकरीचा खरा फायदा हा की तिला तेल लागत नाही आणि चावून खावी लागते. म्हणून सकाळचे पोहे निम्मे करा आणि दोन अंडी घ्या, श्रावण असेल तर मुगाचं धिरडं. डब्यात तीन चपात्यांच्या जागी दोन, आणि कोबीऐवजी उसळ, कोबी करायचाच तर सोबत उसळ पण. चारच्या चहाला भडंगेऐवजी फुटाणे, मूठभर, पिशवी नव्हे. हे मी कुठलं सुपरफूड सांगत नाहीये, शिवाजी मंडईत आणि कोपऱ्यावरच्या दुकानात मिळणारं सांगतीय.

आता ते "उरलेलं असेल ते". त्या तीन शब्दांवर मी बराच वेळ थांबले. सगळ्यांना गरम वाढून झालं, मुलानं भात टाकला, सासऱ्यांनी अर्धी चपाती ठेवली, कढईच्या तळाला दोन चमचे भाजी आणि वर आलेलं तेल, आणि टाकायचं जिवावर येतं म्हणून दहा वाजता तुम्ही ओट्याजवळ उभं राहून ते संपवता, आणि मग तुमचं स्वतःचं ताट घेता. बरोबर? हे मी इतक्या बायकांकडून ऐकलंय की मला आता न विचारता कळतं. ही भूक नाही, ही घरातल्या अन्नाची जबाबदारी तुमच्या पोटावर टाकलेली आहे. कुठलंही इंजेक्शन, कुठलीही भाकरी यावर उपाय नाही, यावर उपाय म्हणजे एक तर कमी शिजवणं, दुसरं उरलेलं डब्यात घालून फ्रिजला, आणि तिसरं म्हणजे तुम्ही सगळ्यांबरोबर आठ-साडेआठला जेवायला बसणं. तव्यावरची गरम भाकरी एक दिवस नाही मिळाली तर कुणाचं काही अडत नाही. मिस्टरांना वाचून दाखवा हे: भाऊ, बायकोनं भाकरी खावी असं तुमचं म्हणणं असेल तर आठवड्यातनं तीन दिवस मळायला तुम्ही बसा, नसेल जमत तर निदान तिच्यासोबत आमराईत चार फेऱ्या मारा, आज्जीचं उदाहरण देणं फुकट असतं.

तुम्ही लिहिलंय, "माझ्यातच काहीतरी कमी आहे, जिद्दच नाही, परत परत वजन येतं." हे डोक्यातनं काढा. मेलबर्नमध्ये २०११ मध्ये एक अभ्यास झाला, दहा आठवड्यांच्या कडक डाएटनं माणसांचं वजन उतरवलं आणि नंतर वर्षभरानं त्यांची हार्मोन्स तपासली. भूक लावणारं हार्मोन वर्षानंतरही वाढलेलंच होतं आणि पोट भरल्याचं सांगणारी कमीच. शरीराला वाटतं दुष्काळ पडलाय, ते वजन परत आणायच्या मागं लागतं. म्हणून कीटो संपलं की तुम्ही हादडत सुटलात त्यात जिद्दीचा प्रश्न कमी आणि शरीराचा जास्त होता. इंजेक्शन नेमकं याच ठिकाणी काम करतं, डोक्यातली ती सतत खा-खा म्हणणारी कुरकुर कमी करतं, आणि म्हणूनच ते थांबलं की कुरकुर परत येते.

मग तुमच्या बाबतीत काय? तुमचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, साडेतीसच्या आसपास येतो. या औषधांच्या कागदावर ३० च्या वर, किंवा २७ च्या वर आणि सोबत बीपी-शुगरसारखं काही, असं लिहिलेलं असतं, म्हणजे तुम्ही त्यात बसता, उगीच नको-नको म्हणण्यात अर्थ नाही. शिवाय आपल्या लोकांचा घात पोटावरच्या चरबीनं होतो. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. याज्ञिक आणि इंग्लंडचे डॉ. युडकिन यांचा एक फोटो २००४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला होता, दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३, पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिक सरांच्या २१.२. दिसायला सडपातळ माणसाची ही गत. म्हणून आपल्याकडं २३ पासूनच जास्त वजन धरतात आणि २५ ला लठ्ठपणा. काट्यापेक्षा टेप घ्या, बायकांची कंबर ८० सेंटिमीटरच्या वर गेली की सावध व्हायचं.

पण तुमची सगळ्यात मोठी भीती आहे आईसारखी शुगर होण्याची, वजन नाही, आणि तिथं अन्नाची आणि चालण्याची बाजू फार भक्कम आहे. अमेरिकेत २००२ मध्ये आलेल्या अभ्यासात तुमच्यासारखी शुगरच्या उंबरठ्यावरची तीन हजारांवर माणसं होती, ज्यांनी वजन सात टक्के उतरवायचं आणि आठवड्याला दीडशे मिनिटं चालायचं धोरण पाळलं त्यांच्यात शुगर होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी झालं, मेटफॉर्मिन या शुगरच्या गोळीनं ३१ टक्क्यांनी. आणि परदेशातलं नको असेल तर चेन्नईच्या डॉ. रामचंद्रन यांनी २००६ मध्ये आपल्याच लोकांवर केलेला अभ्यास बघा, जीवनशैली बदलून २८.५ टक्के आणि गोळीनं २६.४ टक्के फायदा, आणि गंमत म्हणजे काटा फारसा हललाच नव्हता तरी फायदा झाला. फक्त एक लक्षात घ्या, त्या अभ्यासांत माणसांच्या मागं शिकवणारी, विचारपूस करणारी माणसं होती. "भाकरी खा" एवढं वाक्य फेकून कुणी पेपर वाचायला बसलं नव्हतं.

म्हणून माझं मत असं, आणि हे तुमच्यापुरतं आहे, शेजारणीला फॉरवर्ड करू नका. तुम्ही कीटो केलंत, ओट्स केलेत, पण नीट जेवण अजून केलेलंच नाही. तीन महिने करा. वर सांगितलेलं खाणं, साडेआठला जेवण, तेल चार लिटर मग साडेतीन, आठवड्यातनं पाच दिवस अर्धा तास झपझप चालणं, आणि दोन-तीन दिवस वजन उचलायचं, जिम नको, खुर्चीतनं हात न टेकता दहा-दहा वेळा उठा, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या घ्या हातात. हे वजन उचलायचं विसरू नका, कारण वजन कसंही उतरलं तरी त्यातला पाव हिस्सा, कधी त्याहून जास्त, स्नायूंचा असतो, इंजेक्शननं तर भूकच मरते आणि माणूस दोन घास खाऊन उठतं, मग प्रोटीन कुठनं येणार? नणंदेला हे आवर्जून विचारा, तेरा किलो उतरले ते ठीक, पण जिना चढताना पाय भरून येतात का, केस गळतात का.

तीन महिन्यांत चार-पाच किलो उतरले आणि एचबीएवनसी सहाच्या खाली आलं तर चालू ठेवा, औषधाची घाई नाही. नाही उतरलं, किंवा भूक इतकी लागतीय की रात्री झोप लागत नाही, तर लाज न बाळगता एंडोक्रायनॉलॉजिस्ट (हार्मोनचे डॉक्टर) किंवा एमडी फिजिशियनकडं जा, आपल्याकडं मिरजेत डॉक्टरांना तोटा नाही, आणि सरळ सांगा की मला या इंजेक्शनबद्दल बोलायचंय. औषध सुरू झालं म्हणून अन्न हरलं असं काही नसतं. इंजेक्शन भूक कमी करील, पण त्या कमी भुकेत पोटात मटकी जाणार की खारी, ते तुम्हालाच ठरवायचंय, उलट तेव्हा तर जास्तच, कारण ताटात जागा थोडी उरते. आणि मधल्या काळात शुगर वाढत गेली किंवा बीपी आटोक्यात राहिना तर तीन महिने पूर्ण व्हायची वाट बघत बसू नका.

डॉक्टरकडं जाताना काय न्यायचं ते सांगते. एचबीएवनसीचा रिपोर्ट, लिपिड, क्रिएटिनिन, लिव्हर आणि टीएसएच, बीपीच्या आणि थायरॉईडच्या गोळ्यांची पाकिटं, कंबरेचं माप, आणि हा खाण्याचा कागद नवीन लिहून. पित्ताचे खडे आधी कधी निघाले होते का, स्वादुपिंडाचं काही झालं होतं का, घरात थायरॉईडचा कॅन्सर कुणाला, हे न विचारता सांगा. पाळी चालू असेल आणि दिवस राहण्याची थोडीसुद्धा शक्यता असेल तर तेही सांगा, ही औषधं गरोदरपणात चालत नाहीत, आणि टिर्झेपाटाईडनं गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम कमी होऊ शकतो. वजन उतरायला लागलं की बीपी पण उतरतं, तेव्हा चक्कर आली तर आधी बीपी मोजा आणि डॉक्टरांना फोन करा, गोळी स्वतःच्या मनानं बंद करायची नाही. पुढं कधी ऑपरेशनची वेळ आलीच तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना हे इंजेक्शन चालू आहे हे आधी सांगायचं, पोट रिकामं व्हायला वेळ लागतो म्हणून.

आणि नणंदेला आजच फोन करा. पेन आणू नको म्हणावं, त्याऐवजी दिवाळीला चार दिवस जास्त राहायला ये, आणि येताना तुझे रिपोर्ट घेऊन ये, बघू दोघी मिळून.